डाव्या बाजूची काजपट्टी

ढावरेबाईंनी शर्ट उचलला, झटकला आणि स्वतःच्या छातीशी धरून बघितला. मग कपाळाला आठ्या घालून पुन्हा एकदा धरला.

"बोद्धूल मॅडम, जरा इकडं या की."

मी घड्याळाकडे बघतच त्यांच्या टेबलापाशी गेले. पावणेबारा झाले होते. शेडमध्ये अकरा मशिनी एका रांगेत घरघरत होत्या.

"काय झालं बाई? धागे राहिलेत का?"

"न्हाई. हा शर्ट मला बरोबर वाटतोय."

"मग द्या की पुढं, काजाला."

"बरोबर वाटतोय म्हणूनच बोलावलं," त्या म्हणाल्या. "पोराचा शर्ट हाय ना हा? मला बरोबर वाटला, म्हंजे चुकलाय."

मी शर्ट हातात घेऊन समोरून सरळ धरला.

पुरुषाच्या शर्टाला काजं डाव्या बाजूला असतात आणि बटणं उजव्या. बायकांच्या कपड्यांना नेमकं उलटं. त्या शर्टाची रुंद काजपट्टी उजव्या बाजूला बसली होती. आम्ही मुलांच्या आश्रमशाळेसाठी चाळीस शर्ट शिवत होतो आणि चाळीसच्या चाळीस मुलींचे झाले होते.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमधली. तेव्हा सरकारने आयटीआयचे अभ्यासक्रम बदलायला घेतले होते. शिवणकामाच्या वर्गात एक बाई एक झंपर बेतायची, शिवायची, हूक लावून घडी घालायची. तिथे आता कारखान्याची पद्धत यायची होती. एकीनं फक्त कॉलर लावायची, दुसरीनं फक्त बाही, आणि शर्ट हातोहात पुढे सरकत जायचा. पण मुलींना हे शिकवायचं, तर आधी शिकवणाऱ्यांना यायला हवं. म्हणून जिल्ह्यातल्या बारा निदेशिका दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला आल्या होत्या. कुणी वीस वर्षं शिकवत होती, कुणी तीस. आणि त्यांना शिकवायला होते मी.

मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. निदान मला तरी तसं ठामपणे वाटायचं. गाऊनच्या कारखान्यात तीन वर्षं सुपरवायझर म्हणून काढली होती आणि एका संस्थेनं मला प्रशिक्षक म्हणून कंत्राटावर घेतलं होतं. आईच्या वयाच्या बायकांना मी टाळ्या वाजवून "चला चला, हात चालवा" म्हणायची. आज आठवलं तरी कानाची पाळी गरम होते.

ढावरेबाई त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ. सुभद्रा ढावरे, वय सत्तावन्न, निमगावच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं. आणि माझ्या हिशेबानं सगळ्यात ढ. आयुष्य पायाच्या मशीनवर गेलेलं. पॉवर मशीनचं पेडल जरा दाबलं की कापड घोड्यासारखं पळतं. बाई दाबायच्या, कापड सुसाट जायचं, बाई दचकून दोन्ही हात वर करायच्या. पहिल्या आठवड्यात तीन सुया मोडल्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "बाई, हे मशीन आहे, साप नाही." सगळ्या हसल्या, त्यासुद्धा हसल्या. आणि जेवणाच्या सुट्टीत एकट्याच मशीनवर बसून चिंधीवर सराव करत राहिल्या.

आजचा दिवस परीक्षेचा होता. दहा ते दोन, चार तासांत बारा जणींच्या रांगेनं चाळीस शर्ट काढायचे. दोन वाजता बाहेरचे परीक्षक येणार. चाळीस झाले तर बाराही पास, नाहीतर बाराही नापास, आणि फेरपरीक्षा ऑगस्टमध्ये. बाकीच्या अकरा जणींना ऑगस्ट म्हणजे फार तर पुन्हा एक हेलपाटा. पण निमगावला शिवणकामाला ढावरेबाई एकट्याच होत्या. तीस जूनपर्यंत त्यांच्या हातात प्रमाणपत्र पडलं नसतं, तर त्या वर्षीचे वीस मुलींचे प्रवेश होणार नव्हते. पुढच्या मे महिन्यात बाई निवृत्त व्हायच्या. एकदा रिकामा राहिलेला वर्ग पुन्हा भरत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या दिवशी सव्वीस जून होता.

म्हणून तर मी त्यांना मशीनवर बसवलंच नव्हतं. रांगेच्या शेवटी, काजाच्या मशीनच्या आधी, लोंबते धागे कापायच्या टेबलावर बसवलं होतं. "तुम्ही इथंच बऱ्या," असं मी म्हटलं होतं. त्यावर त्या "बरं" म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या होत्या.

"पट्टी कुणी लावली?" मी दबक्या आवाजात विचारलं.

विचारायची गरज नव्हती. पट्ट्या नसीम बागवान लावत होत्या, रांगेतला सगळ्यात वेगवान हात. बावीस वर्षं झंपर आणि कुडते शिवलेला तो हात आपोआप उजवीकडेच गेला असणार. अकराच्या आतच त्यांनी चाळीस शर्टांच्या पट्ट्या हातावेगळ्या केल्या होत्या आणि मीच त्यांना शाबासकी दिली होती. त्यातल्या चोवीस शर्टांना एव्हाना कॉलर बसून गेली होती, काज मात्र अजून एकालाही पडलं नव्हतं.

मी इकडेतिकडे बघितलं. मशिनींच्या आवाजात आमचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "राहू द्या. परीक्षक शिवण बघतात, माप बघतात आणि नग मोजतात. घडी घातलेल्या शर्टाची बाजू कोण बघतंय? बटण इकडून लागलं काय आणि तिकडून लागलं काय."

"घालणार कोण हे शर्ट?"

"आश्रमशाळेतली मुलं."

"मग?" त्या म्हणाल्या. "दुसरी पोरं म्हणतील, बहिणीचा शर्ट घालून आलाय. वर्षभर त्याच शर्टावर राहायचं हाय त्यांना."

"बाई, चाळीस झाले नाहीत तर सगळ्यात आधी तुमचं जाईल. तीस तारीख विसरलात का?"

"मी कशी विसरीन?" त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पोरी, निमगावात माझ्या हातचा एक झंपर वाकडा गेला, तर ती बाई दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी राहते. घसा फोडून भांडते. ही पोरं कुणाच्या दारात जाणार?"

दीड महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदाच पोरी म्हटलं, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला फक्त घड्याळ दिसत होतं.

बाई उठल्या. भिंतीपाशी गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. अकराच्या अकरा मशिनी एकदम गप्प झाल्या.

"बायांनो, हात थांबवा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण एकतीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज होता तो. "काजपट्टी उजवीला गेलीय. पोरांचे शर्ट हायती. उसवावं लागंल."

नसीमबाईंनी हातातला शर्ट उलटसुलट करून बघितला. "या अल्ला! मी लावली. बाई, माझ्याच हातानं झालं हे..."

"हात कुणाचा का असंना," ढावरेबाई म्हणाल्या. "आपण बारा जणी झंपरवाल्या. मी असते तिथं, तर मीबी तसंच लावलं असतं. आता रडू नगा, डोळं वलं झालं की टाका दिसत न्हाई."

मग त्यांनी जे केलं, ते माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. त्यांनी रांग मोडली. कॉलर न बसलेले सोळा शर्ट चौघींकडे दिले, कारण ते सोपे होते. कॉलर बसलेले चोवीस उरलेल्यांत तीन-तीन वाटले. "ज्या शर्टाला हात लावाल तो पुरा करूनच सोडायचा. उसवायचा, पट्टी बदलायची, कॉलर परत बसवायची. आपल्या आपल्या वर्गात करतो तसं. मग सगळे काजाला लावू."

"बाई, अशानं वेळ..." मी म्हणायला लागले.

"मॅडम, तुम्हीबी घ्या एक."

मी घेतला. आणि मला कळलं की मला उसवता येत नाही. कारखान्यात चुकलेला नग बाजूला फेकतात, सुपरवायझर कधी उसवत बसत नाही. मी रिपर घालून ओढायला लागले आणि पट्टीच्या आतल्या कडेला टर्रकन छेद गेला. ढावरेबाईंनी माझ्या हातातून शर्ट काढून घेतला. रागावल्या नाहीत.

"ओढू नगा, सोडवा. हे बघा." त्यांनी अर्ध्या ब्लेडनं वरच्या धाग्याचा एक टाका कापला, चार सोडले, पुन्हा एक कापला. असं पट्टीच्या टोकापर्यंत गेल्या. मग कापड उलटं केलं, खालच्या धाग्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि हलकेच खेचलं. सगळा धागा अखंड निघून हातात आला. त्यांनी सोडवलेल्या जागी ओरखडासुद्धा नव्हता.

पेडलला घाबरणाऱ्या त्या बाईंचा हात उसवताना नुसता भिरभिरत होता. माझा एक शर्ट होईपर्यंत त्यांचे तीन उसवून झाले, आणि मग त्या शेजारणीचे उसवून द्यायला लागल्या. मी बघतच राहिले. दीड महिना मी त्यांना हळू म्हणत होते आणि मला कधी वाटलं नव्हतं की हळू कशात आहेत हे एकदा नीट बघावं.

त्या गडबडीत एका शर्टाच्या खालच्या कडेला टाचणीनं टोचलेलं एक पिवळं कार्ड त्यांच्या हाताला लागलं. रांग सुरू होताना पहिला नग सुपरवायझरनं तपासून पास करायचा असतो, तेव्हाच बाकीच्यांनी पुढे शिवायचं. त्या कार्डावर लिहिलं होतं, "पहिला नग – पास", आणि खाली माझी झोकदार सही होती. सकाळी मी पट्टीची रुंदी मोजली होती, इंचात टाके किती ते मोजलं होतं आणि बाजू न बघता सही ठोकली होती. मीही तीन वर्षं गाऊनच शिवून घेतले होते की!

ढावरेबाईंनी कार्ड वाचलं. माझ्याकडे बघितलं. टाचणी काढून दंडावरच्या टाचण्यांच्या गादीत खोचली, कार्ड माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि पुढचा शर्ट घेतला. मी कार्ड उचलून घाईघाईनं ओढणीच्या घडीत लपवलं.

दोन वाजता परीक्षक आले. गड्डम साहेब. पासष्टीचे, शाळेच्या गणवेशांचा स्वतःचा कारखाना असलेले, कमी बोलणारे. त्यांनी तयार शर्टांचा ढीग मोजला. मग पुन्हा मोजला.

"एकतीस," ते म्हणाले. "नऊ कुठे आहेत?"

उरलेले नऊ शर्ट मशिनींवर पडले होते, कुणाची कॉलर उघडी, कुणाची पट्टी लोंबत.

नसीमबाई उभ्या राहिल्या. "साहेब, काजपट्टी उलटी लागली होती. सगळे उसवून परत केले. चूक माझी आहे."

"तुमची एकटीची?"

"पट्टी मीच लावली, साहेब."

मी ढावरेबाईंकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी नुसतं तोंड उघडलं असतं तरी माझं कंत्राट त्या क्षणी संपलं असतं आणि नसीमबाई सुटल्या असत्या. पण त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. खाली मान घालून मांडीवरच्या शर्टाचे धागे कापत होत्या. त्या मला वाचवत होत्या असं मला तेव्हा वाटलं. आज मी स्वतः वर्ग घेते, तेव्हा मला पक्कं ठाऊक आहे की तसं मुळीच नव्हतं. चूक ज्या पोरीची, तिनंच ती उठून सांगायची, दुसरीनं तिचं नाव घ्यायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या.

मी ओढणीतून कार्ड काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

"पहिला नग मी पास केला," मी म्हटलं. "बाजू बघितली नाही. नंतर लक्षात आलं तेव्हा तसेच पुढे ढकलायला सांगितलं. ढावरेबाईंनी ऐकलं नाही."

गड्डम साहेबांनी कार्ड वाचून खिशात घातलं. मग ढिगातले शर्ट एकेक करून उलटे केले, खिडकीशी नेऊन उजेडात धरले.

"यातले कॉलरसुद्धा उसवलेले कुठले?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. कुणालाच सांगता येईना.

"चाळीस वर्षं धंदा केला," ते पुटपुटले. "असं उसवणारा माणूस माझ्याकडं नाही." मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि ढावरेबाईंना म्हणाले, "बाई, पण संख्या चाळीस मागितलीय. मी एकतीस मोजले, तर एकतीसच लिहिणार."

"लिहा की साहेब," ढावरेबाई म्हणाल्या. "एकतीस हायती तर चाळीस कसं लिहाल?"

त्यांनी नापास लिहिलं. बाराही जणी नापास. आणि ज्या बाईचं सगळ्यात जास्त गेलं होतं, ती उरलेले नऊ शर्ट गोळा करून म्हणाली, "चला, हे पुरे करूनच घरी जाऊ. चाळीस पोरं हायती, नऊ जणांनी काय उघडं बसायचं?" सहा वाजेपर्यंत आम्ही शिवत बसलो. गड्डम साहेबसुद्धा गेले नाहीत, काजाच्या मशीनवर बसले.

जुलैमध्ये संस्थेनं माझं कंत्राट पुढे चालवलं नाही. कुणाला दोष द्यायला तोंड नव्हतं. पंधरा-वीस दिवस घरात उंबऱ्यापासून परसापर्यंत येरझाऱ्या घातल्या आणि एका सकाळी निमगावच्या एसटीत बसले. ढावरेबाईंची माफी मागायची होती. त्यांचा वर्ग माझ्या एका सहीनं गेला होता, आणि त्या दिवशी भीतीपोटी मी त्यांना साधं "चुकलं" असंही म्हटलं नव्हतं.

आयटीआयच्या फळ्यावर प्रवेशाची यादी लावली होती. वायरमन, फिटर, डिझेल मेकॅनिक. शिवणकामासमोर लिहिलं होतं, "या वर्षी प्रवेश नाहीत." ते वाचून मी परत फिरणारच होते. पण मागच्या बाजूनं पायाच्या मशीनचा खटखट आवाज येत होता.

मी आवाजाच्या दिशेनं गेले. वर्गात चौदा मुली बसल्या होत्या. हजेरीपटावर एकीचंही नाव नव्हतं. ढावरेबाई फळ्यापाशी उभ्या होत्या, हातात खडू, दंडावर टाचण्यांची गादी.

"आलात व्हय!" त्या म्हणाल्या, जणू मी कालच सांगून गेले होते. "प्राचार्य साहेब म्हणाले, प्रवेश न्हाईत. मी म्हटलं, प्रवेश नसू द्या, खोली तर हाय. पोरींना सांगितलं, नाव पुढच्या वर्षी घालू, काम यंदाच शिका. मे महिन्यापर्यंत मी हाय. ह्या शिकल्या, ऑगस्टात मी पास झाले, की पुढच्या साली वर्ग मागायला ह्याच कचेरीत जातील. मी नसले तरी जातील."

"बाई, मी माफी मागायला आले होते," मी म्हटलं. "माझ्यामुळं तुमचा वर्ग..."

"ते मागाहून मागा," त्या म्हणाल्या. "आधी इकडं या."

कोपऱ्यात दोन नवीकोरी पॉवर मशिनी होत्या. नव्या अभ्यासक्रमासाठी सरकारनं पाठवलेल्या. एकीवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. दुसरीपाशी तीन मोडक्या सुया आणि चिंध्यांचा ढीग पडला होता.

बाई मुलींकडे वळल्या. "पोरींनो, ह्या बोद्धूल मॅडम. माझ्या सोलापूरच्या बाई. पायाचं मशीन मी तुम्हाला शिकवलं. हे पॉवरचं मला अजून नीट येत न्हाई. ते ह्या शिकवतील."

सगळ्या मुलींसमोर, सरळ आवाजात, काही न लपवता. एकतीस वर्षं त्या वर्गात ज्यांचा शब्द शेवटचा होता, त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मग पुढच्या बाकावर गेल्या, दोन मुलींना जरा सरकायला सांगितलं, मध्ये बसल्या आणि पिशवीतून वही काढून पेन्सिलीला टोक केलं.

"करा सुरू, मॅडम," त्या म्हणाल्या. "फक्त जरा सावकाश सांगा. मला उशिरा समजतं."

मी पेडलवर पाय ठेवला, पुन्हा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा सावकाश शिकवायला लागले.